तिसरं बोलावणं

हौगे गावात कुणी जेवायला विचारलं की आधी नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नकोच, फक्त आवाज जरा मवाळ करायचा. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, घासभर’ असं पुटपुटत बसायचं आणि ताट पुसून स्वच्छ करायचं. नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या पणजोबांची भाषा इथल्या लोकांनी केव्हाच टाकली, ही रीत मात्र घट्ट धरून ठेवली. पहिल्याच बोलावण्याला बसणारा पाहुणा हावरा, आणि दोनदा विचारून थांबणारी घरधनीण चिक्कू, असा इथला कायदा आहे.

विलो नदीच्या पलीकडे फॉसबर्ग आहे. तिथं जर्मन कॅथलिकांची वस्ती. ते एकदाच विचारतात. भूक असेल तर बस, नसेल तर वाटेला लाग. बर्नाडीन तिकडची, ओस्टेंडॉर्फांची मुलगी. हार्लन क्वामशी लग्न करून ती या काठावर आली तेव्हा तिच्या आईनं चर्चच्या पायरीपर्यंत येऊन आत यायचं नाकारलं, कारण चर्च ल्यूथरन होतं, कॅथलिक नव्हतं. आणि लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासूनं विचारलं, “केक देऊ का?” बर्नाडीन म्हणाली, “हो, द्या की.” टेबलाभोवतीचे सगळे काटे हवेत थांबले. त्या एका होकाराबद्दल हौगेची माणसं तिला अजून माफ करायची होती, आणि आता तिला नातू शोभेल असं वय झालं होतं.

गावाचा खरा दरबार चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात भरतो. कुणाच्याही मयताला तिथं जेवण असतं आणि त्या जेवणात कॉफीची किटली कुणाच्या हाती यावरून बाईची पायरी कळते. किटली आयोन बाकनच्या हाती. तिच्याआधी तिच्या आईच्या हाती होती. बर्नाडीनच्या वाट्याला भांडी पुसायचं फडकं आलं. वर्षानुवर्षं तिनं दुसऱ्यांच्या मयताची भांडी पुसली. मग एक-दोन म्हाताऱ्या मेल्या आणि तिला पावांना लोणी लावायला बसवलं. लोणी जाड लागतं म्हणून आयोननं तिच्या देखत पाव पुन्हा खरवडले आणि तिला परत फडक्याकडे धाडलं. बर्नाडीनची जीभ चांगली धारदार होती, पण हार्लनकडे बघून ती शब्द गिळायची. गिळून गिळून तिला पित्त झालं होतं असं ती बहिणीला सांगायची आणि ते खरंही होतं.

मग शाळेची भानगड झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ऑस्लर काउंटी म्हणजे पाटीवर आखलेल्या चौकटी. दर मैलाला एक सरळ रस्ता, आणि त्या सगळ्या पाटीला नदीनं मधून तिरका चरा पाडलेला. बर्नाडीन लहान असताना एकेका चौकटीत चार-चार चुली पेटायच्या. पुढं यंत्रं मोठी झाली, शेतं मोठी झाली, पोरं शहराकडे गेली आणि आता कित्येक चौकटींत मक्याशिवाय राहायला कुणी नाही. हौगेच्या शाळेत शेवटच्या वर्षी पहिलीच्या वर्गात इतकी कमी पोरं होती की बेसबॉल खेळायला मास्तरीणबाईंना धरून संघ व्हायचा. फॉसबर्गात मात्र डुकराच्या मांसाचा कारखाना आहे. तिथं कामाला ग्वाटेमालाची कुटुंबं आली, त्यांची पोरं झाली आणि तिकडची शाळा भरली. शाळा मंडळापुढं प्रश्न आला, हौगेची शाळा बंद करून पोरांना नदीपलीकडे पाठवायचं का. मतं समसमान पडली. राहिलं मंडळावर असलेल्या हार्लनचं. त्यानं ‘हो’ म्हणून हात वर केला.

हिशेबानं तो बरोबर होता. हौगेत बरोबर असणं चालतं, पण ते मोठ्यानं, हात वर करून, सगळ्यांसमोर असलेलं चालत नाही. शाळा गेली, मागोमाग कॅफे गेला, वाणसामानाचं दुकान गेलं, आणि दरवेळी दाराला कुलूप लागलं की लोक क्वामांच्या घराकडे बघायचे. हार्लनकडे नव्हे, बर्नाडीनकडे. हार्लन आपला माणूस, भोळा. त्याच्या कानाशी रात्री कोण होतं? नदीपलीकडची. तिनंच फॉसबर्गसाठी गाव विकलं.

खरी गोष्ट अशी, की बर्नाडीननं त्याला त्या दिवशी बजावलं होतं. “नाही म्हण,” ती म्हणाली होती. “तुझी माणसं तुला ठाऊक नाहीत, मला आहेत.” त्यानं ऐकलं नाही. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे नवऱ्याला पुढं करून आपण मागं लपायचं, आणि तेवढी ती अजून हौगेची झाली नव्हती. पुढच्या मयताला ती फडकं घ्यायला गेली तेव्हा आयोननं ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं.

“तू बस,” आयोन म्हणाली. “दमली असशील. केवढी कामं केलीस तू गावाची.”

तेव्हापासून रस्त्यावर समोरून येणारा कुणी क्वामांच्या गाडीला बघून स्टिअरिंगवरचं बोट उचलत नव्हता. या मुलखात अनोळखी माणसालाही बोट उचलून रामराम करतात. क्वामांना बघून लोक दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायचे, जणू गाडी पळून जाणार होती.

या सप्टेंबरात हार्लनला झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं एकेका शब्दावर आलं. इस्पितळातून आणून बर्नाडीननं त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. खिडकीतून मका दिसायचा. मका पिकला, वाळला, कापायला आला आणि तसाच उभा राहिला. हार्लन त्याच्याकडे दिवसभर बघायचा आणि डाव्या हातानं खुर्चीचा दांडा चोळायचा. बर्नाडीनला ते बघवत नव्हतं. मुलगी कार्ला मिनियापोलिसहून रोज फोन करायची आणि रोज तेच सांगायची, विकून टाका. फॉसबर्गात राहणारी बहीण डोलोरेस तर त्याहून पुढं. तिच्या घराच्या मागं दोन खोल्या रिकाम्या होत्या.

“ये निघून,” डोलोरेस म्हणायची. “तिथं मेलीस तर कॉफी ओतायला कुणी येणार नाही. आलं तर मोजून अर्धा कप ओततील.”

“हार्लनला इथून हलवलं तर तो महिनाभर जगणार नाही.”

“आणि तू तिथं राहून किती जगशील, बाई?”

एकट्या बाईनं अर्धांगाच्या माणसाला घेऊन, जिथं शेजारी बोट उचलत नाही तिथं, हिवाळा कसा काढायचा? बर्फात रस्ता बंद झाला तर हाक कुणाला मारायची?

तशात एका संध्याकाळी मर्लिन स्टेन्सरूड आला. उत्तरेकडची शेजारची चौकट त्याची. विधुर, हाडापेरानं मोठा, बोलण्यात काटकसरी. त्याचा नातू आता शाळेच्या बसमध्ये रोज सकाळी तासभर घालवतो आणि संध्याकाळी तासभर, आणि हे मर्लिन कुणालाही विसरू देत नाही. तो पायऱ्या चढला नाही. खाली अंगणात उभा राहून हातातल्या टोपीच्या कडेकडे बघत म्हणाला, “शनिवारी येतो आम्ही. मक्याला.”

इथं कुणी आजारी पडलं की शेजारी आपापली यंत्रं घेऊन येतात आणि एका दिवसात त्याचं पीक काढून देतात. भांडण माणसाशी, पिकाशी नाही. पीक उभं राहिलं तर लाज सगळ्या पंचक्रोशीची. बर्नाडीनला हे ठाऊक होतं, तरी तिला वाटलं होतं की आपल्याकडे कुणी येणार नाही.

“उपकार झाले,” ती म्हणाली.

“हार्लनसाठी येतोय,” मर्लिन म्हणाला.

“कळलं मला. माझ्यासाठी तू नदी पेटली तरी यायचा नाहीस.”

“नदी पेटत नाही,” मर्लिननं विचार करून सांगितलं आणि पिकअपमध्ये बसून गेला.

ज्याचं पीक काढायचं त्यानं आलेल्यांना जेवू घालायचं, हीसुद्धा रीतच. बर्नाडीननं त्याच रात्री डोलोरेसला फोन लावला. “शनिवारी माझ्या हातचं जेवले तर आम्ही इथंच राहू,” ती म्हणाली. “नाही जेवले तर तुझ्या खोल्या झाडून ठेव.”

“झाडूनच ठेवते,” डोलोरेस म्हणाली.

त्या आठवड्यात बर्नाडीननं जीव ओतून रांधलं. तिला राग होता आणि रागावलेली बाई स्वयंपाक वाईट करत नाही. दोन मोठी हॅम भाजली, लवंगा टोचून, वर ब्राउन शुगरचा लेप देऊन. बटाट्याचं सॅलड केलं ते हौगेच्या पद्धतीचं, पांढरं आणि बेचव, त्यांना आवडतं तसं. पण लाल कोबी मात्र आपल्या आईसारखा शिजवला, व्हिनेगर आणि सफरचंद घालून. कुखेनही केली, आंबट सायीचा जर्मन केक, ओस्टेंडॉर्फांच्या घरचा. यंत्रं ठेवायच्या शेडमध्ये फळ्या टाकून तिनं लांब टेबल मांडलं, वर पांढरे कागद अंथरले, आणि सासूची कॉफीची मोठी किटली घासून चकचकीत केली. निदान आपल्या अंगणात तरी किटली आपल्या हाती असेल, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच कीव आली.

शनिवारी सकाळी हार्वेस्टर रस्त्यानं एकामागोमाग आले. हिरवे, लाल, मागं ट्रॉल्या. हार्लन खिडकीतून बघत होता. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं आणि वाकड्या तोंडापाशी अडलं. बर्नाडीननं ते पुसलं नाही. त्याला रडताना कुणी बघावं असं त्याला कधीच आवडलं नव्हतं.

माणसं उतरली, शेताकडे बघत उभी राहिली, एकमेकांशी दोन शब्द बोलली आणि कामाला लागली. तिच्याकडे कुणी आलं नाही. आयोनचा नवरा गेलर्ड बाकन तिच्या जवळून गेला तेव्हा त्यानं मान हलवली, पण इतकी कमी की ते मान अवघडल्यामुळंही असू शकलं असतं.

दुपारी ती शेताच्या कडेला गेली. मर्लिननं हार्वेस्टर थांबवून दार उघडलं, खाली उतरला नाही.

“जेवण तयार आहे,” तिनं ओरडून सांगितलं.

“नको,” मर्लिन म्हणाला. “चाललंय आमचं.”

हे ठीक होतं. हे पहिलं होतं. ती परत गेली, हॅम झाकलं, कॉफी पुन्हा तापवली आणि थोड्या वेळानं पुन्हा आली. आता दोन-तीन जण ट्रॉलीच्या आडोशाला उभे होते, मर्लिन आणि गेलर्ड त्यांत होते. वारा झोंबत होता. मक्याच्या पानांचा भुसा त्यांच्या कॉलरमध्ये गेला होता.

“हॅम गार होतंय, मर्लिन.”

“राहू दे. कशाला तुला त्रास.”

हे दुसरं. आवाज मवाळ असायला हवा होता. बर्नाडीननं कान देऊन ऐकलं आणि तिला त्यात मवाळपणा सापडला नाही. तिला फक्त ‘तुला’ हा शब्द ऐकू आला. तिनं गेलर्डकडे बघितलं. गेलर्ड शेडकडे बघत होता. मग बुटांकडे बघायला लागला.

आता तिसऱ्यांदा विचारायचं होतं. तोंड उघडलं की झालं असतं. पण तिला आयोनच्या हातातलं फडकं आठवलं, खरवडलेलं लोणी आठवलं, स्टिअरिंगवरचे ते घट्ट हात आठवले. उभ्या जन्मात आपण या लोकांना किती वेळा विचारलं, आणि यांनी आपल्याला किती वेळा? यांच्या डब्यात सँडविच असतीलच बांधून दिलेली, आयोननं दिली असतील, पातळ लोणी लावून. आता पुन्हा विचारायचं म्हणजे हात जोडायचे. तिनं तिथंच ठरवलं की मेले तरी हात जोडायचे नाहीत.

“तुमची मर्जी,” ती म्हणाली आणि वळली. थोड्या वेळानं यंत्रं पुन्हा सुरू झाली.

उजेड उतरायच्या आत शेत मोकळं झालं. इतकं स्वच्छ काढलं होतं की कडेला मक्याचं एक ताटही उभं नव्हतं. मर्लिन खिडकीपाशी आला, हार्लनकडे बघून त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग सगळे गेले. शेडमधल्या टेबलावर पांढरा कागद वाऱ्यानं एका कोपऱ्यात उलटला होता, आणि कुखेनच्या सायीवर भुशाचा एक कण बसला होता. बर्नाडीननं तो बोटानं उचलला आणि मग तिला रडू आलं. रागाचंच आलं, पण आलं.

घरात येऊन ती हार्लनसमोर बसली. “कुणी जेवलं नाही,” ती म्हणाली. “मी डोलोरेसला शब्द दिलाय. वसंतात घर विकायला काढू. हिवाळ्याआधीच जाऊ तिकडे.”

हार्लननं शेताकडे बघितलं. मग तिच्याकडे. काही म्हणायचं म्हणून त्यानं तोंड जुळवायला घेतलं, तेवढ्यात फोन वाजला. डोलोरेस होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

“अगं, तुझे नॉर्वेजियन आलेत इकडं,” ती म्हणाली. “सगळी पलटण. एउलालियाच्या बेकरीत बसलेत.”

“कुणाच्या?”

“कापडाच्या जुन्या दुकानात नाही का ग्वाटेमालाच्या बाईनं बेकरी काढली, तिथं. मी पाव आणायला गेले तर हे बसलेले, भुसा अंगावर, दुष्काळातून आल्यासारखे. त्या बिचारीनं काही विचारलंच नाही, सरळ मक्याच्या पिठाचे तमाल आणून ठेवले समोर. केळीच्या पानात बांधलेले असतात ना. तो तुझा थोराड शेजारी पानासकट खायला लागला. चावतोय, चावतोय, कुणी सांगेना त्याला. दुसरा एक म्हणाला, सकाळपासून पोटात काही नाही आमच्या. तू त्यांना जेवायला घातलं नाहीस होय गं?”

“डबे होते ना त्यांच्याकडे?”

“कसले डबे? तुझ्याकडे जेवायचं म्हणून रिकामे आले होते, असं म्हणत होते. नशीब पाहा, आमच्या गावात पैसा टाकणार नाही अशी शपथ घेतलेली माणसं. हौगेत एखादं खानावळीचं दार उघडं असतं तर मेली तरी पूल ओलांडून आली नसती.”

बर्नाडीननं फोन ठेवला. हार्लन तिच्याकडे बघत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, डोलोरेसचा आवाज पुलावरूनही ऐकू येतो.

“दोनदा विचारलं मी,” ती म्हणाली. तिचा स्वर आपोआप चढला. “दोनदा गेले शेतावर, या गारठ्यात. दोनदा.”

हार्लननं डावा हात उचलला. ओठ जुळवायला त्याला वेळ लागला. बर्नाडीन थांबली, कारण थांबावंच लागायचं.

“तिसरं?” हार्लननं विचारलं.

ती त्याला खूप काही ऐकवू शकली असती. तू हात वर केलास आणि फडकं माझ्या हातातून गेलं, हे ऐकवू शकली असती. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, एका हॅमचे जाड काप केले आणि सुरी आदळली.

“तासाभरात येते,” ती म्हणाली. “पडू नकोस तोवर.”

“जा,” हार्लन म्हणाला. त्याच्या तोंडाची चांगली बाजू किंचित वर गेली होती.

मर्लिनच्या घरी दिवा होता. तिनं दार वाजवलं, कुत्रं भुंकलं, आणि मर्लिन मोज्यांवर दारात आला. बर्नाडीननं ताट त्याच्या छातीपाशी धरलं.

“तिसऱ्यांदा विचारते आहे,” ती म्हणाली. “जेवणार का?”

मर्लिननं ताटाकडे बघितलं. त्याचं पोट टम्म भरलं होतं, ते दिसत होतं. पण तिसऱ्याला नको म्हणायची सोय त्याच्या आजोबानं ठेवली नव्हती, बापानं ठेवली नव्हती.

“बरं,” तो शेवटी म्हणाला. “घासभर.”

त्यानं एक काप उचलला आणि उंबऱ्यात उभा राहून चावायला लागला. ती समोर उभी राहून बघत होती. तो गिळेपर्यंत ती हलली नाही.

“सुकलंय,” मर्लिन म्हणाला.

“दुपारी सुकलं नव्हतं.”

“दुपारी तू दोनदाच विचारलंस.”

“आणि तू नको म्हणालास ते असं, की मी तुझी डुकरं चोरायला आलेय.”

मर्लिननं विचार केला. “माझा आवाज तसाच आहे,” तो म्हणाला.

“आणखी एक घे. यात पान नाही, सगळं खायचं असतं.”

मर्लिनचे कान लाल झाले. त्यानं दुसरा काप घेतला, तो संपवला आणि दार लावलं. बर्नाडीन गाडीत बसली आणि पुढच्या मैलाकडे वळली.

ती चौकटीमागून चौकट फिरली. सरळ रस्ता, काटकोनी वळण, पुन्हा सरळ रस्ता. ज्या ज्या अंगणात हार्वेस्टर उभा होता तिथं तिथं थांबली. कुणी दारात खाल्लं, कुणी बायकोच्या पाठीआडून हात पुढं करून खाल्लं. एका म्हाताऱ्यानं तुकडा तोंडात ठेवून डोळे मिटले, कारण आता आत जागाच नव्हती. नको कुणी म्हणालं नाही. तिनंही कुणाला सोडलं नाही. हे प्रेमानं चाललं होतं असं कुणाला वाटेल तर ते खोटं आहे. ती त्यांना त्यांच्याच कायद्यानं बडवत होती, आणि तिला त्यात इतकं समाधान वाटत होतं की शेवटी शेवटी ती गाडीत गुणगुणत होती.

बाकनांचं घर शेवटचं, चर्चच्या पलीकडे. दार आयोननं उघडलं. मागं टेबलाशी गेलर्ड बसला होता.

“गेलर्डसाठी आलेय,” बर्नाडीन म्हणाली. “दोनदा झालंय. हे तिसरं.”

आयोननं ताटाकडे बघितलं. लवंगांकडे बघितलं. “हॅमला लवंगा,” ती म्हणाली, जणू कुणी ताटात खिळे टोचून आणले होते. पण बाजूला झाली. गेलर्ड उठून आला, त्यानं काप घेतला आणि निमूट खाल्ला. मग सगळ्यांच्या आश्चर्यानं त्यानं दुसरा आपणहून घेतला. आयोननं त्याच्याकडे असं बघितलं की तो काप घेऊन आतल्या खोलीत गेला.

दोघी बायका उंबऱ्याच्या दोन बाजूंना उरल्या. आत चुलीवर कॉफी होती, वास बाहेरपर्यंत येत होता. दारात आलेल्या बाईला कॉफी विचारायची, हे आयोनला चुकवता येण्यासारखं नव्हतं.

“कॉफी घेणार?” आयोननं विचारलं.

“नको. हार्लन एकटा आहे.”

“थोडी तरी?”

“नको, कशाला त्रास.”

आयोन बोलायची थांबली. बर्नाडीनही थांबली. आतल्या खोलीत गेलर्डचं चावणं बंद झालं. आयोनचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि त्यांच्या कडेला एक बारीक हसू होतं. दुपारचं तिला सगळं कळलं होतं. तिनं दोनदा विचारलं होतं, रीत जेवढी हवी तेवढीच पाळली होती, आणि आता ती दार लावायला मोकळी होती. तिचा हात कडीवर गेला.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या रविवारचा सासूचा केक बर्नाडीनला आठवला, आणि हवेत थांबलेले ते सगळे काटे. किती वर्षं आपण यांच्यासारखं नको म्हणायला शिकलो. काय मिळालं त्यातून? ओलं फडकं.

“बरं, घेते,” बर्नाडीन म्हणाली.

आयोनचा हात कडीवर राहिला. “मी विचारलं नाही अजून.”

“दोनदा विचारलंस. नदीपलीकडे एकदाच विचारतात. एक वेळ जास्तच झाली, ती तुझ्याकडे राहू दे.” ती आयोनच्या अंगावरून आत गेली, टेबलाची खुर्ची ओढली आणि कोट न काढता बसली. “ओत.”

आयोन दारात उभी राहिली. बाहेरचा गारठा आत येत होता. शेवटी तिनं दार लावलं, चुलीवरची किटली उचलली आणि कप आणून ठेवला. ओतताना तिनं थेंबही सांडला नाही, तेवढं तिचं कौतुक केलं पाहिजे.

“आम्ही कुठं जात नाही,” बर्नाडीन म्हणाली. “सांगून ठेवते. इथंच राहणार. हिवाळ्यात रस्ता बंद झाला तर मी गेलर्डला हाक मारणार आहे.”

“तुला कुणी विचारलं?”

“कुणी विचारायची वाट बघत बसले, म्हणूनच एवढी वर्षं गेली.”

आयोन समोरच्या खुर्चीत बसली. तिनं स्वतःच्या कपात ओतलं नाही. आतून गेलर्ड पुन्हा चावायला लागल्याचा आवाज आला.

“साखर?” आयोननं विचारलं, आणि एकदाच विचारलं.

“नको,” बर्नाडीन म्हणाली. तिनं घोट घेतला. आजवर चर्चच्या तळघरात मिळायची तशीच कॉफी होती, पातळ, गढूळ, नदीच्या पाण्यासारखी. आजवर तिनं ती चांगली झालीय असंच म्हटलं होतं.

“पांचट आहे,” ती म्हणाली आणि कप पुढं केला. “अजून ओत.”